बिनपगारी मार्कर

पदाजी घरत पॉइंट जिंकला की माफी मागायचा.

तोंडातल्या तोंडात पुटपुटायचा नाही. रॅकेट काखेत मारायची, उजव्या हातानं कानाची पाळी धरायची, मान खाली घालायची आणि पलीकडच्या रस्त्यावरच्या टांगेवाल्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचं, "माफी, सायेब!" समोर मामलेदार असो, पोस्टमास्तर असो, नाहीतर माझ्यासारखा कचेरीतला साधा कारकून असो. पदाजीचा चेंडू आपल्याला गाठता आला नाही, की तो त्याचा अपराध. पहिल्या दिवशी मी फार ओशाळलो. जाळ्यापाशी जाऊन म्हणालो, "अहो पदाजी, माफी कसली? पॉइंट झाला तुमचा." त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू खानावळीतल्या वाढप्याला मी 'आधी तुम्ही जेवून घ्या' म्हणालो होतो.

"माजा पॉइंट?" तो म्हणाला. "मी मार्कर हाय, सायेब."

मार्कर म्हणजे टेनिसच्या क्लबातला पगारी खेळाडू. एखाद्या सभासदाला जोडीदार मिळाला नाही तर त्याच्याशी खेळायचं, नवशिक्यांना शिकवायचं, तुटलेल्या रॅकेटीत जाळीची तात भरायची आणि उरलेल्या वेळात कोर्टावर रूळ ओढायचा. याला इंग्रजीत प्रोफेशनल म्हणतात. पदाजी 'परफेशनल' म्हणायचा आणि म्हणताना छाती पुढे काढायचा. करंजाड्याच्या आगरी घरातला हा माणूस लहानपणी मुंबईला एका गोऱ्या जिमखान्यात चेंडू उचलायला लागला आणि पुढे तीस वर्षं तिथंच मार्कर राहिला. सत्तेचाळीस साली साहेब गेले. जिमखाना जागेवरच होता, पण नव्या सभासदांना टेनिसपेक्षा पत्त्यांचा नाद जास्त. पदाजीनं आपली पत्र्याची पेटी उचलली आणि तो गावी परत आला.

त्याच सुमारास आमच्या पनवेलच्या नानासाहेब वकिलांना रक्तदाब जडला. डॉक्टरांनी चालायला सांगितलं. पण चालणं नानासाहेबांना कमीपणाचं वाटे. चालायला त्यांचे पक्षकार होते. तेव्हा त्यांनी टेनिस खेळायचं ठरवलं. खाडीच्या अंगाला त्यांची एक पडीक जागा होती, तिथं क्लब निघाला. नानासाहेब अध्यक्ष झाले. माझं अक्षर बरं, म्हणून मी चिटणीस झालो. आणि पनवेलसारख्या ठिकाणी टेनिस शिकवायला माणूस कुठून आणायचा, या काळजीत आम्ही असतानाच पदाजी स्वतःच्या पायांनी चालत आला.

कोर्ट त्यानंच बांधलं, आणि मिठागर बांधतात तसं बांधलं. चारी बाजूंनी मातीचा बांध घातला आणि आत दोन दिवस पाणी भरून ठेवलं. सगळं गाव बघायला लोटलं. वकिलांनी तलाव काढला म्हणून लोक हसत होते. नानासाहेब तणतणत आले. पदाजी पाण्यात गुडघाभर उभा राहून उंचवटे तासत होता. म्हणाला, "पानी खोटं बोलत नाय, सायेब. वकील बोलंल, पानी नाय बोलनार." मग पाणी सोडून दिलं, करंजाड्याच्या बायकांनी पायांनी तुडवून तुडवून जमीन घट्ट केली, आणि काय सांगू, अशी सपाट जमीन नानासाहेबांच्या दिवाणखान्यातसुद्धा नव्हती.

फक्त एक गोम राहिली. माती खाडीची होती. उन्हं तापली की जमिनीतून मीठ वर यायचं आणि दुपारी चारला सगळं कोर्ट पांढरंफेक. चुन्याच्या रेघा त्यात शोधून सापडायच्या नाहीत. चेंडू आत की बाहेर हे वादावर ठरायचं, आणि वादात नानासाहेबांना पंचक्रोशीत जोड नव्हती. पहिलं वर्षभर त्यांचा एकही चेंडू बाहेर पडला नाही. शेवटी पदाजीनं दर शनिवारी कोर्ट शेणानं सारवायला सुरुवात केली, तेव्हा कुठं रेघा दिसू लागल्या आणि नानासाहेबांचा खेळ एकदम खालावला.

जाळं उरणच्या कोळ्यांकडून विणून आणलेलं होतं. त्या जाळ्याला पहिले दोन महिने बोंबलांचा असा वास येई, की खेळायला सभासद चार आणि बघायला मांजरं अकरा. पण नानासाहेबांना खरा धक्का बसला तो रॅकेटीचा. एकदा तात भरता भरता पदाजीनं सहज सांगितलं, की ही तात बोकडाच्या आतड्याची असते. नानासाहेब पाच महिने ती रॅकेट देवघराच्या बाहेरच्या खुंटीला लावत होते. त्यानंतर ती गोठ्यात गेली. एकादशीला टेनिस बंद झालं, आणि बाकीच्या दिवशी खेळ संपला की ते कोपरापर्यंत हात धुऊ लागले.

पदाजीचा पोशाखही बघण्यासारखा. जिमखान्यात 'लांब सायेब' नावाचा कोणी सहाफुटी इंग्रज होता. विलायतेला जाताना त्यानं आपली फ्लॅनलची पांढरी पँट पदाजीला दिली. पदाजी पाच फूट दोन इंच. पँट खाली तीनदा दुमडलेली आणि कमरेला पट्ट्याऐवजी त्याच साहेबाचा नेकटाय. पण ती पँट कशी, तर निळीत धुतलेली, कडक, डाग म्हणून नाही. डाग पडेल म्हणून पदाजी क्लबात कधी बसत नसे. चहा प्यायचा तर पुढे वाकून, हात लांब करून. पनवेलच्या मुख्य रस्त्यानं तो पँट चढवून निघाला की म्हशी हाकणारे गवळीसुद्धा वाट देत.

शिकवण्याची त्याची रीत वेगळी होती. माझी रॅकेट धरण्याची पद्धत पाहून त्यानं कपाळाला हात लावला. "सायेब, कोयता नाय यो! कोंबडीचं पिल्लू धरल्यागत धरा. मरायला पन नको, पलायला पन नको." पोस्टमास्तरांना तो म्हणे, "बॉलवर शिक्का मारू नका." आणि एखादा फटका चांगला बसला की तो पलीकडून ओरडे, "हां! यो सायबाचा बॉल!" त्या एका वाक्यासाठी माणसं कचेरीतून लवकर सुटायला बघत.

खरं सांगायचं तर पदाजीशी खेळणं हे एक व्यसन होतं. इतरांशी खेळताना माझा चेंडू जाळ्यात तरी जाई, नाहीतर खाडीत. पदाजीशी खेळताना मला वाटे, आपण काही कमी नाही. चेंडू यायचा तो नेमका हाताशी, नेमक्या उंचीवर, नको तितक्या वेगात नाही. मारला की बसलाच. आम्ही आठ सभासद. आठहीजणांनी पदाजीला हरवलेलं होतं. नानासाहेब तर त्याला रोज हरवत आणि घरी जाऊन बायकोला सांगत. मीही सांगे.

एकदा मी त्याला विचारलं, "पदाजी, खरं सांगा, तुम्ही मुद्दाम हरता का?"

तो रूळ ओढायचा थांबला. "मुद्दाम नाय, सायेब. कामच त्ये हाय. तांबडा सायेब व्हता ना, त्याला मी रोज सात-पाच देयाचो. पयलं पाच-तीन माजं करायचं. सायेब लाल व्हतो. मग पाच-पाच. मग सायेब घाम पुसतो, बूट बांधतो. मग सात-पाच सायेब. सहा-शून्य दिला तर सायबाला कलतं, का यो आपल्याला खेलवतो. हरायला कला लागते."

ते बोलताना त्याच्या चेहऱ्यावर एखाद्या गवयाचा अभिमान होता. मग थोडं थांबून म्हणाला, "तितं दर साल कप असायचा. मोठमोठ्या घरची पोरं येयाची. त्यातल्या एकाला बॅकहँड मी दिला. चार मयने शिकवला. त्यानं कप घेतला तवा मी टॉवेल घेऊन हुबा व्हतो."

"तुम्ही का नाही खेळलात?"

"परफेशनल मानूस कपाला खेलत नाय. नियम हाय."

नियमांच्या बाबतीत पदाजीसारखा कडवा माणूस मी कचेरीतही पाहिला नाही. पत्र्याच्या पेटीतून त्यानं त्या जिमखान्याचं जुनं नियमांचं पुस्तक आणलं होतं. स्वतःला वाचता येत नव्हतं, पण ते पुस्तक तो रेशमी रुमालात ठेवी. आमच्या क्लबाला नियम हवेत म्हटल्यावर त्यानं ते माझ्या हातात दिलं आणि बजावलं, "सगलं घ्या, सायेब. सोडू नका कायपन." मी कचेरीच्या वेळात बसून, म्हणजे सरकारी खर्चानं, त्याचं अक्षरशः भाषांतर केलं. त्यामुळे आमच्या क्लबात मडमांनी उंच टाचांचे बूट घालून कोर्टावर येऊ नये, असा नियम झाला. क्लबात मडम एकही नव्हती. कुत्री साखळीला बांधावीत, असा झाला. कुत्र्यांनी पाळला नाही. आणि त्यातच एक कलम होतं: खेळाबद्दल मोबदला घेणारा, किंवा मागील बारा महिन्यांत घेतलेला इसम चषकाच्या स्पर्धेस अपात्र राहील. सभेत मी सगळे नियम मोठ्यानं वाचले. पदाजी मागे उभा राहून एकेका कलमाला मान डोलवत होता.

आमचा चषक म्हणजे नानासाहेबांच्या घरची जर्मन सिल्व्हरची एक मोठी वाटी, तिला दोन कान जोडलेले. दर वर्षी शिमग्यानंतर स्पर्धा व्हायची, नानासाहेब जिंकायचे आणि वाटी त्यांच्या घरून येऊन त्यांच्याच घरी जायची. पदाजी ती रांगोळीनं घासून लखलखीत करी, पण उचलताना नेहमी फडक्यात धरून. परफेशनल माणसानं कपाला हात लावायचा नाही.

अशाच एका बक्षीस समारंभाच्या दुसऱ्या दिवशी पदाजी माझ्याकडे आला. "सायेब, या मयन्यापासून माजा पगार नको."

"का? कमी पडतो का?"

"नाय. नको."

"काम सोडताय?"

"काम सोडीन कसा? फक्त पगार नको."

मी नानासाहेबांना सांगितलं. त्यांना यात लगेच साम्यवाद दिसला. "हा संपाचा नवा प्रकार आहे," ते म्हणाले. "काम करायचं आणि पैसे घ्यायचे नाहीत! मालकाला शरम वाटावी म्हणून. रशियात करतात." दोन आठवडे ते पदाजीवर नजर ठेवून होते. पदाजी नेहमीसारखा येत होता, सारवत होता, शिकवत होता, कान धरून माफी मागत होता. फरक एवढाच, की आता तो सकाळी मिठागरात मजुरीला जाई आणि संध्याकाळी त्याचे पाय मिठानं फुटलेले असत.

पुढे प्रकरण वाढलं. त्यानं क्लबातला चहा सोडला. मी पेला पुढे केला तर म्हणाला, "नको सायेब, चा पन मोबदलाच." मामलेदारांनी जुना सदरा देऊ केला, तो घेतला नाही. दिवाळीत नानासाहेबांच्या घरून फराळाचा डबा गेला, तो तसाच परत आला. गावात चर्चा सुरू झाली. पदाजीला काहीतरी लागीर झालंय, असं टांगेवाले म्हणत. कोणी म्हणे, मीठ डोक्यात गेलं. मला मात्र राहवेना. चिटणीस या नात्यानं खुलासा मागण्याचा मला अधिकार होता, तो घेऊन मी एका रविवारी करंजाड्याला गेलो.

पदाजी मिठागरावर होता. ओटीवर त्याची बायको काशीबाई जाळीतून करंदी, बारीक कोळंबी, निवडत बसली होती. मला पाहताच तिनं डोक्यावर पदर घेतला आणि जे साठलं होतं ते सगळं ओतलं.

"या भावजी, बसा. तुमीच सांगा त्यांना. दिवालीचा चिवडा परत पाठवला! चिवडा! मी बोलली, आवो चिवड्यान काय व्हतं? तर बोलतात, बारा मयने मोडतील."

"कसले बारा महिने?"

"तुमच्या कपाला आरज भरायचाय त्यांना. बारा मयने काय घेतलं नाय, तर नाव लागतं, आसं तुमीच वाचलं ना?"

मीच वाचलं होतं. मीच लिहिलं होतं, तेही सरकारी शाईनं. मी उठलो आणि बांधावरून मिठागराकडे चालत गेलो. पदाजी वाफ्यात उभा राहून लाकडी फळीनं मीठ ओढत होता. अंगावर पंचा होता. पँट नसलेला पदाजी मी प्रथमच पाहत होतो, आणि तो मला फार म्हातारा वाटला.

"पदाजी," मी म्हणालो, "एवढ्यासाठी वर्षभर बिनपगारी? त्या वाटीसाठी?"

"वाटी नको, सायेब." त्यानं फळी खाली ठेवली. "तीस वरसं रोज हरलो. पन खरा हरलो आसतो का जितलो आसतो, त्ये मला ठावं नाय. कोनालाच ठावं नाय. एक मॅच पायजे. कागदावर नाव लिवलेली. मग हरलो तरी चालंल. पन हरलो तर मी हरलो पायजे."

मी आपला म्हणालो, "मग ते कलम मी खोडून टाकतो. हातात आहे माझ्या."

तो माझ्या अंगावर धावूनच आला. "खोडायचा नाय! नियम खोडून खेललेली मॅच, ती मॅच?"

शिमगा आला. बारा महिने पुरे झाले त्याच्या दुसऱ्या दिवशी पदाजीचा अर्ज आला. शाळेतल्या गुरुजींकडून लिहून घेतलेला आणि खाली एक आण्याचं तिकीट लावून त्यावर अंगठा. 'अर्जदार हल्ली बिनपगारी असून,' अशी सुरुवात. मला वाटलं होतं नानासाहेब आकांडतांडव करतील. पण ते खो खो हसले. "पदाजी? येऊ द्या हो. त्याला मी रोज हरवतो." बाकीच्यांचंही तेच म्हणणं पडलं. त्याला न हरवलेला सभासद आमच्यात कुठं होता?

चिठ्ठ्या टाकल्या. पहिल्याच फेरीत पदाजीची गाठ माझ्याशी पडली. मी फळ्यावर कागद लावला: श्री. पदाजी नारायण घरत. तो बराच वेळ त्या कागदापुढे उभा होता. मग मला म्हणाला, "यातलं माजं कुठलं?" मी दाखवलं. "म्होरं काय लिवलंय?" मी म्हणालो, "श्री." त्यानं बोट नावाखालून फिरवलं, कागदाला न लावता.

रविवारी दुपारी चारला सामना. उंच स्टुलावर पंच म्हणून नानासाहेब. बघायला तीसेक माणसं. आणि कुंपणाबाहेर, बाजारातून परतताना पाट्या खाली ठेवून बसलेल्या करंजाड्याच्या तीन बायका, त्यांत काशीबाई.

पहिला सेट मी सहा-एक जिंकला. माझा फोरहँड त्या दिवशी काय बसत होता! सभासद वाहवा करत होते, मीही जरा छाती काढून चालत होतो. एकदा चुकून पदाजीचा चेंडू माझ्या आवाक्याबाहेर गेला, तर लगेच हात कानाला: "माफी, सायेब!" सगळे हसले. बाजू बदलताना मी त्याच्या जवळून गेलो, तेव्हा तो डाव्या हातानं स्वतःच्या उजव्या हातावर चापट्या मारत होता.

"काय झालं?"

"ऐकत नाय यो," तो दबल्या आवाजात म्हणाला. "मी तिकरं मारतो, यो तुमच्याकरं देतो."

माझा फोरहँड तिथंच मेला. तीस वर्षांत त्या हाताला एकच गोष्ट ठाऊक झाली होती, समोरच्याला चेंडू हाताशी नेऊन द्यायची. आणि आम्ही आठजण त्याला हरवत होतो! मला भयंकर लाज वाटली. लाज वाटली की माणूस उदार होतो. दुसऱ्या सेटमध्ये मी एक चेंडू जाळ्यात घातला, एक बाहेर मारला, आणि एका चेंडूला पाय घसरल्याचं सोंग केलं.

पदाजी थांबला. रॅकेट खाली करून जाळ्यापाशी आला. मीही गेलो. तो इतका चिडलेला मी कधी पाहिला नव्हता.

"सायेब, मुद्दाम घालवताय."

"छे हो, पाय घसरला."

"मला सांगू नका. माजा धंदा हाय त्यो. आनि तुमी लय वंगाल हरता. पोराला पन कलंल." मग त्याचा आवाज उतरला. "आज नको, सायेब. बारा मयने भरलेत मी. आज खरं खेला."

मी मान हलवली. तो मागे गेला. पुढचा चेंडू पुन्हा माझ्या हाताशी आला. मी यावेळी लाज सोडून मारला आणि पॉइंट घेतला. त्याच्या पुढचाही घेतला. पदाजी हताश होऊन हाताकडे बघत होता. तेवढ्यात कुंपणाबाहेरून काशीबाई कडाडली.

"आवो! मानसाला काय बगता? कोपऱ्यान बगा! मिठागरान पानी सोडता तसा कोपऱ्यान सोडा!"

क्लबात असा आवाज कधी कोणी काढला नव्हता. नानासाहेब स्टुलावरून पडता पडता राहिले. पदाजीनं एकदा बायकोकडे पाहिलं. मग मान खाली घातली, आणि त्यानंतर माझ्याकडे बघितलंच नाही. माझा चेंडू गेला. त्याची रॅकेट वळली. चेंडू माझ्यापासून चार हातांवर, डाव्या कोपऱ्यात पडून निघून गेला. मी नुसता उभा.

"माफी, सा..." हात कानाकडे निघाला होता.

"कान सोडा!" काशीबाई ओरडली.

हात अर्ध्यातून खाली आला. त्यानंतर त्यानं माफी मागितली नाही. डावा कोपरा, उजवा कोपरा, पुन्हा डावा. मी धापा टाकत इकडून तिकडे पळत होतो, आणि खरं सांगतो, इतक्या आनंदानं मी आयुष्यात कधी हरलो नव्हतो. दुसरा सेट त्याचा, सहा-चार. प्रत्येक सभासद मनातल्या मनात आपापले जुने विजय तपासत असावा.

तिसऱ्या सेटला त्याचा गुडघा कुरकुरू लागला. वय पंचावन्नच्या पुढं, मी तिशीतला. मी खरंच खेळत होतो, जीव तोडून खेळत होतो. कारण त्याला दुसरं काही देण्याची सोय त्यानं ठेवली नव्हती. सहा-पाच मी पुढे आणि मला एक पॉइंट हवा. पदाजीनं लंगडत येऊन चेंडू गाठला आणि माझ्या उजव्या कोपऱ्यात असा सणसणीत मारला, की मी हललोसुद्धा नाही. चेंडू शेणाच्या सारवणावर टक्क वाजला.

नानासाहेब त्या वेळी चहाच्या पेल्यात होते. त्यांनी मला विचारलं, "आत की बाहेर?"

"आत," मी म्हणालो. माझ्यानं दुसरं काही म्हणवलंच नाही.

पदाजी जाळ्याला वळसा घालून लंगडत माझ्या बाजूला आला. रेघेपाशी वाकला. सारवणावर चेंडूची गोल खूण उमटली होती. रेघ आणि खूण यांच्यामध्ये त्यानं आपली बोटं ठेवली.

"आऊट," तो म्हणाला. "चार बोटं आऊट. खोटं बोलू नका, सायेब."

मग तो तसाच खुणेकडे बघत राहिला. चेंडू माझ्याकडे आलाच नव्हता. देण्यासाठी मारलेला चेंडू तिथं पडत नाही, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक? हळूहळू त्याचा चेहरा उजळला. तो ताठ उभा राहिला आणि कुंपणाकडे बघून ओरडला, "काशे! हरलो गो! मी हरलो!"

"मंग वरडता कशाला?" काशीबाई म्हणाली, आणि तिनं पदर डोळ्यांना लावला.

नानासाहेब खाली उतरले. "मी म्हटलं नव्हतं?" ते सगळ्यांना सांगत होते. "तो हरतोच." पुढच्या फेरीत त्यांनी मला हरवलं आणि वाटी घरी नेली.

दुसऱ्या दिवशी पदाजी वेळेवर आला. "काम जालं, सायेब. आता पगार चालू करा." मी बरं म्हणालो. संध्याकाळी आम्ही खेळलो. एक चेंडू माझ्या हातून सुटला, आणि पदाजीनं कानाची पाळी धरली. "माफी, सायेब!" मला ते ऐकवेना. मी तोंड फिरवून चेंडू शोधायच्या निमित्तानं लांब गेलो.

शनिवारी त्यानं कोर्ट सारवलं. सगळं सारवलं, फक्त उजव्या कोपऱ्यात रेघेबाहेर तळहाताएवढी जागा सोडली. त्याच्या पुढच्या शनिवारीही सोडली. पोस्टमास्तर चुकून त्यावर पाय देणार होते, तर असा खेकसला की ते दोन पावलं उडालेच. शेवटी मी विचारलं, "पदाजी, ती खूण कशाला ठेवलीय?"

"माजी हाय ती," तो म्हणाला. आणि रूळ ओढायला लागला.

पहिली तारीख आली. मी पगाराचं रजिस्टर उघडलं, शाईचं पॅड पुढं केलं. पदाजीनं अंगठा शाईत दाबला, कागदावर नेला आणि तसाच अधांतरी धरला. तो खिडकीतून बाहेर बघत होता.

"सायेब," तो म्हणाला, "पुढल्या शिमग्याला गुडगा चालंल का वो?"

मी म्हणालो, "चालेल की."

"चारच बोटं भायेर व्हता."

"चारच."

त्यानं अंगठा कागदावरून बाजूला घेतला. पुसायला फडकं शोधलं, ते जवळ नव्हतं. मग लांब सायबाच्या त्या निळीत धुतलेल्या पांढऱ्याशुभ्र पँटला, मांडीवर, त्यानं अंगठा खसाखसा पुसला आणि तो चेंडूंची पाटी घेऊन कोर्टाकडे गेला.